धूम्रपान, मिश्री आणि शाळेतला तास

काही वर्षांपूर्वी बी. ए. च्या भाषाविज्ञानाच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना एक छोटे काम दिले होते. शाळेत शिकलेला आरोग्याविषयीचा एखादा शब्द लिहायचा आणि त्याच्यासमोर त्याच गोष्टीसाठी घरात वापरला जाणारा शब्द लिहायचा. वर्गात निपाणी आणि आसपासच्या खेड्यांतली मुलेमुली होती. एका मुलीने ‘धूम्रपान’ असे लिहून समोरची जागा मोकळी सोडली होती. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जाते, हे मला माहीत होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, आमच्यात कोण ओढत नाही. आई नुसती मिश्री लावती.”

या मुलीने शाळेत असताना ‘धूम्रपानाचे दुष्परिणाम’ या विषयावर निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीसही मिळाले होते. तिने धडा मन लावून वाचला होता, शिक्षकांनीही तो शिकवला होता. तरी तव्यावर तंबाखू भाजून, तिची पूड करून रोज सकाळी दाताला लावणारी आई त्या धड्यात कुठेच येत नव्हती. धडा खोटा नव्हता. तो तिच्या उंबऱ्याशी येऊन थांबला होता.

शाळेत दिल्या जाणाऱ्या व्यक्तिगत, सामाजिक आणि आरोग्यविषयक शिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न सहसा शिक्षणशास्त्राचा किंवा वैद्यकाचा मानला जातो. मी साहित्याची अध्यापक आहे. या प्रश्नाचा मोठा भाग भाषेचा आहे, आणि आपल्या सीमाभागात तो फार स्पष्ट दिसतो, एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे.

या शिक्षणाची थोडी पूर्वपीठिका

या विषयाला देशोदेशी वेगवेगळी नावे आहेत. इंग्लंडमध्ये नातेसंबंध आणि आरोग्य यांचे शिक्षण सप्टेंबर २०२० पासून शाळांना बंधनकारक झाले. आपल्याकडे ‘मूल्यशिक्षण’, ‘जीवनकौशल्ये’, ‘किशोरावस्था शिक्षण’ अशा नावांनी ते येत-जात राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी मांडली. स्वतःची जाण, समानुभूती, संवाद, परस्परसंबंध, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावना हाताळणे आणि ताण हाताळणे ही ती दहा कौशल्ये. शिक्षक प्रशिक्षणात ती आजही पाठ करून घेतली जातात.

केंद्र सरकारने २००५ साली किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला. एचआयव्हीचा प्रसार रोखणे हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. २००७ साली अनेक राज्यांत त्याच्या पुस्तकांवरून वादळ उठले आणि महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी तो थांबवला. सीमाप्रश्नावर एकमत न होणाऱ्या दोन राज्यांचे या एका बाबतीत मात्र एकमत झाले. पुढे २००९ साली एम. व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळेत लैंगिक शिक्षण नको, असाच अहवाल दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली नवा शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अकरा विषय आहेत. निरोगी वाढ, मानसिक आरोग्य, नातेसंबंध, स्त्रीपुरुष समता, पोषण, व्यसनांपासून बचाव, प्रजनन आरोग्य, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे त्यांपैकी काही. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचे, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका, अशी योजना आहे.

कागदावर विषय आहे, पुस्तिका आहे, शिक्षकही नेमलेले आहेत. परिणामाचे काय?

परिणाम कसा आणि कुठे दिसतो

भारतातल्याच तीन अभ्यासांकडे पाहिले तर चित्र बरेचसे उलगडते.

पहिला अभ्यास ‘मैत्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तंबाखूविरोधी उपक्रमाचा. दिल्ली आणि चेन्नई इथल्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात तो झाला. निम्म्या शाळांत सहावी आणि आठवीच्या मुलांबरोबर दोन वर्षे काम केले गेले. वर्गातल्या कृतींचे नेतृत्व मुलांमधूनच निवडलेल्यांकडे होते, भित्तिपत्रके होती, पालकांपर्यंत पोहोचणारी पत्रे होती. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा उपक्रम नसलेल्या शाळांत मुलांचा तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता आणि उपक्रम झालेल्या शाळांत १७ टक्क्यांनी घटला होता. म्हणजे असे शिक्षण निष्फळच ठरते, हे म्हणणे बरोबर नाही.

दुसरा अभ्यास आपल्याच राज्यातला आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना जीवनकौशल्ये शिकवण्याचे प्रशिक्षण दिले. या कार्यक्रमातल्या ६०५ मुलांची तुलना शेजारच्या शाळांतल्या ४२३ मुलांशी करून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रमातल्या मुलांचा आत्मसन्मान अधिक होता. अडचणींना तोंड देता येईल असा त्यांचा विश्वास वाढला होता, शाळेशी आणि शिक्षकांशी त्यांचे जुळवून घेणेही सुधारले होते. घरातल्या आणि समवयस्कांमधल्या जुळवून घेण्यात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या मुलीने सोडलेली मोकळी जागा आठवली. शाळेत शिकलेले शाळेत उपयोगी पडत होते, पण ते घरी पोहोचत नव्हते.

तिसरा अभ्यास बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला. तिथल्या ७४ शाळांच्या अभ्यासात एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला गेला. काही शाळांत तो शाळेतल्या शिक्षकांनी चालवला, तर काही शाळांत त्यासाठीच प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी. प्रार्थनेच्या वेळी गप्पा, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, मुलांचे गट आणि गरज पडल्यास एकट्याने बोलायची सोय असे त्याचे स्वरूप होते. २०१८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण खूपच सुधारले आणि नैराश्य, दादागिरी व हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही.

यातून शिक्षक नालायक असतात असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. ज्या शिक्षकाला गणित पुरे करायचे आहे, निवडणुकीचे आणि गणनेचे काम करायचे आहे, शिवाय मुलांना गुणही द्यायचे आहेत, त्याच्याजवळ मूल मनातले कसे बोलणार? गुण देणाऱ्यापुढे मूल बरोबर उत्तर देते. या विषयात नेमके खरे उत्तर हवे असते, आणि ते बरोबर उत्तराहून बहुधा वेगळे असते.

तिन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर एवढे म्हणता येते की केवळ माहिती देऊन वागणूक बदलत नाही. सराव लागतो, बरोबरीचे कोणीतरी लागते, ऐकून घेणारे माणूस लागते आणि घराशी दुवा लागतो. आणि यातली एकही गोष्ट भाषेवाचून होत नाही.

पुस्तकाचा शब्द आणि घरचा शब्द

कर्नाटकात पाठ्यपुस्तके सात माध्यमांत निघतात, त्यांत मराठीही आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांतली मुले हीच पुस्तके वाचतात. विज्ञान आणि समाजविज्ञान त्यांच्याकडे अनुवादातून येते. अनुवादकाच्या मेजावरून येणारा शब्द बहुधा संस्कृत असतो, कारण तो सुरक्षित असतो. ‘धूम्रपान’ हा असाच सुरक्षित शब्द. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातल्या २ टक्के स्त्रिया तंबाखू ओढतात आणि १२.८ टक्के स्त्रिया ती न ओढता वापरतात, म्हणजे चघळतात, दाताला लावतात, गालात धरतात. ‘धूम्रपान’ म्हटले की त्या १२.८ टक्क्यांतल्या बहुतेक जणी सुटतात. ‘तंबाखूसेवन’ हा शब्द व्यापक आहे खरा, पण मिश्री लावणारी बाई आपण तंबाखूचे ‘सेवन’ करतो असे कधी म्हणत नाही. तिच्या दृष्टीने ते दात घासणेच असते.

त्या दिवशी जमलेल्या यादीतला दुसरा मोठा गट पाळीविषयीच्या शब्दांचा होता. शाळेचा शब्द ‘मासिक पाळी’. घरचे शब्द होते बाहेरची होणे, लांब बसणे, अडचण येणे, कावळा शिवणे. वर्गात चिकोडीकडची, घरी कन्नड बोलणारी एक मुलगी होती. तिने ‘मुट्टु’ असे लिहिले. कन्नडमध्ये या शब्दाचा अर्थ पाळी असाही होतो आणि स्पर्श असाही होतो. मराठीतल्या ‘शिवणे’मागेही तीच कल्पना आहे. भाषेवरून इतकी वर्षे भांडलेल्या दोन समाजांनी बाईच्या शरीराविषयी एकाच कल्पनेतून शब्द घडवले, हे पाहून वर्ग क्षणभर गप्प झाला.

पुस्तकात पाळी ही ‘नैसर्गिक क्रिया’ असते. मुलगी ते वहीत लिहिते, गुण मिळवते आणि घरी जाऊन कोपऱ्यात बसते. तिला दोन्ही भाषा येतात आणि दोन्ही एकमेकींना न भेटता तिच्या डोक्यात सुखाने राहतात. शिक्षिकेने ‘कावळा शिवला’ हा शब्दच वर्गात आणला आणि “कोण कोणाला शिवतं? शिवल्यानं काय होतं?” एवढे विचारले, तर ती भेट होते. घरचा शब्द टाळून घरच्या समजुतीपर्यंत जाता येत नाही.

तिसरा गट सर्वांत अवघड होता, कारण त्यात कोणी काही लिहिलेच नव्हते. शरीराच्या काही अवयवांसाठी मराठीत एक तर शिव्या आहेत किंवा संस्कृत शब्द आहेत. मधला, साधा, मुलाला लाज न वाटता उच्चारता येईल असा शब्द जवळजवळ नाही. ही केवळ शब्दकोशातली उणीव नव्हे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यात मुलाचा जबाब ते जसे बोलेल तसाच नोंदवावा, गरज असेल तिथे दुभाष्याची मदत घ्यावी, अशी तरतूद आहे. कायदा मुलाचे शब्द मागतो आणि आपण मुलाला शब्दच दिलेले नसतात. त्यात आपल्या भागात ऐकणारा कन्नड आणि सांगणारे मूल मराठी असण्याचा संभव मोठा. “मला तिथं हात लावला” यातल्या ‘तिथं’चा अनुवाद कोण आणि कसा करणार? मुलाला या वाक्यापलीकडे जाता आले पाहिजे, आणि ते शिकवायची जागा शाळा हीच आहे.

या अडचणीशी मराठीत सर्वांत धैर्याने झुंजलेले लेखक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण खटला हरले. साहित्याच्या अभ्यासक्रमात आपण कर्व्यांना समाजसुधारक म्हणून दोन ओळींत संपवतो. मराठीत शरीराविषयी शिवी न देता आणि आडपडदाही न ठेवता कसे बोलावे, याचा इतका दीर्घ प्रयोग दुसऱ्या कोणी केलेला माझ्या वाचनात नाही. आरोग्यशिक्षणाचे पुस्तक लिहिणाऱ्याने आधी ‘समाजस्वास्थ्य’ची भाषा वाचावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

ज्या घरात तंबाखूवर चूल पेटते

निपाणीत तंबाखूविरोधी तास घेणे इतर गावांसारखे सोपे नाही. या गावाची भरभराट तंबाखूने केली. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींनी प्राण गमावले. त्याच सुमारास वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांनी संघटना उभारली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली माहितीपटही केला. बिडी कामगारांच्या मुलांना १९७६ च्या कल्याण निधी कायद्याखाली शिष्यवृत्ती मिळत आली आहे. म्हणजे इथल्या कित्येक मुलांची वह्यापुस्तके तंबाखूच्याच पैशातून आलेली असतात.

अशा वर्गात ‘तंबाखू म्हणजे विष’ असे फळ्यावर लिहिले की मुलाला ते आपल्या आईविषयीचे वाक्य वाटते. मग ते मूल दोनपैकी एक करते. आईची लाज बाळगू लागते किंवा शिक्षकाचे ऐकणे सोडून देते. दोन्हीत शिक्षण हरते. माझ्या मते इथला तास दुसऱ्या टोकापासून सुरू व्हायला हवा. खकाणा नाकातोंडात गेला की आईला काय होते, ती तोंडाला फडके का बांधते, दिवसाचा हिशेब कसा होतो, हे मुलांनीच सांगावे. ती या विषयातली जाणकार आहेत. आईच्या कष्टाचा मान राखून तिच्या फुप्फुसांची काळजी करता येते, हे त्यांना कळले की मिश्रीचा विषय आपोआप निघतो, आणि तो उपदेशासारखा वाटत नाही.

‘नाही’ कसे म्हणायचे

जीवनकौशल्यांच्या पुस्तिकांत ‘ठामपणे नाही म्हणा’ असे वाक्य हमखास असते. आपल्याकडे मुलाला तंबाखूची ओळख होते ती कुठल्या टोळक्यात नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्याने “जा, एक पुडी घेऊन ये” म्हणून दुकानात पिटाळल्यावर. त्या काकांना बारा वर्षांचे पोर ठामपणे ‘नाही’ म्हणेल, तर आधी त्याच्या पाठीत धपाटा बसेल आणि मग त्याच्या आईला बोल लावला जाईल. आपल्या भाषेत नकाराची रीत वेगळी आहे. ती नात्यातून, कारणातून, कधी थट्टेतून वळण घेत जाते.

मी विद्यार्थ्यांना सांगितले की अशा वेळी आपल्या भागातले मूल खरोखर काय बोलू शकेल, ते लिहा. त्यांनी लिहिलेली काही वाक्ये अशी: “काका, दुकानदार मला देत नाही, अठराच्या खालच्यांना द्यायचं नाही म्हणतोय.” “तुम्हीच जावा की, तेवढंच पाय मोकळं होतील.” “आज्जा, शेंगा आणू काय त्यापेक्षा?” पहिल्या वाक्याला कायद्याचा आधार आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी केली आहे. मुलाने कायद्याचा संपूर्ण लेख पाठ करण्यापेक्षा हे एक वाक्य तोंडात बसवणे अधिक मोलाचे. तीन-चार वेळा वर्गात म्हणून पाहिले की ते बसते. ‘सराव’ म्हणतात तो हाच.

आपण काय करू शकतो

शासनाचा कार्यक्रम बदलणे आपल्या हातात नाही, पण भाषेची माणसे म्हणून तीन कामे आपण करू शकतो.

एक, सीमाभागासाठी आरोग्याचा छोटा शब्दसंग्रह तयार करणे. त्यात पुस्तकातला मराठी शब्द, बोलीतला शब्द आणि कन्नड शब्द शेजारी शेजारी असावेत. तो शिक्षकांना, आशाताईंना आणि पोलीस ठाण्यातल्या दुभाष्यालाही उपयोगी पडेल. महाविद्यालयीन विद्यार्थी एका वर्षात हे काम करू शकतात. माझ्या एका वर्गाने एका तासात सुरुवात करून दाखवली.

दोन, या तासाला गुण ठेवू नयेत, त्याऐवजी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. चिठ्ठी कोणत्याही भाषेत, कसल्याही शुद्धलेखनात असावी. मराठीच्या शिक्षकांना लाल पेन खाली ठेवणे अवघड जाते, हे मी स्वतःवरून जाणते. या पेटीपुरते ते ठेवावे.

तीन, परिणाम मोजताना प्रश्न बदलावा. ‘तंबाखूचे चार दुष्परिणाम लिहा’ याच्या उत्तरातून आपल्याला फक्त स्मरणशक्ती कळते. ‘या महिन्यात तू घरी कोणाशी याबद्दल बोललास? काय बोलणे झाले?’ या प्रश्नाच्या उत्तरातून धडा उंबरा ओलांडून गेला की नाही, ते कळते.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात वही परत दिली. ‘धूम्रपान’ या शब्दासमोरची जागा तिने भरली होती. तिथे ‘मिश्री’ असे लिहिले होते, आणि कंसात एक वाक्य होते: ‘आईला विचारलं, हिरड्या दुखतात म्हणाली, पहिल्यांदाच सांगितलं.’ तिच्या आईने मिश्री सोडली का, हे मी विचारले नाही. एका तासाने सवय सुटत नाही. पण इतकी वर्षे जे बोलले गेले नव्हते, ते त्या घरात बोलले गेले. आरोग्यशिक्षणाचा परिणाम मोजायचा असेल, तर मी सुरुवात इथून करीन.